किनार

मामाचा डावा पाय सुजला तेव्हा
आम्ही सगळ्यांनी मागालाच दोष दिला.
तांडापेठेत कोणाचा पाय सुजत नाही?
खड्ड्यात उतरून चाळीस वर्षं पावडी दाबायची,
वरती हातात धोटा, खाली अंधारात पाय.
मामी म्हणाली, हळद गरम करून लाव, उतरते.

उतरली नाही.
डॉपलरवाल्यानं पोटरीत गुठळी दाखवली.
मग मेडिकलच्या निमजे मॅडम
पायाकडे बघायचं सोडून पोटाचं स्कॅन मागायला लागल्या.
"आधी पायच का?" मी विचारलं.
"कधी कधी रक्त आधी बोलतं," त्या म्हणाल्या,
"गाठ मागून बोलते."
स्वादुपिंड.
मामा म्हणाला, नाव तं गोड हाये.

मी तिथेच तळमजल्यावर स्लाइडी बनवते.
मेणात बसवलेल्या माणसांचे
चार मायक्रॉनचे पदर,
गुलाबी, जांभळे. सतरा वर्षं झाली.
नावं वाचत नाही, नंबर वाचते.

फुफ्फुसाच्या तुकड्यात त्या हमखास भेटतात,
भक्षक पेशी.
चुलीचा धूर, कोराडीकडची राख, मागावरून उडालेली कीस,
जे जे गिळलं ते पोटात काळं साठवून
कोपऱ्यात बसलेल्या,
पाळी संपूनही घरी न गेलेल्या चौकीदारासारख्या.
मला त्यांची माया आहे.

म्हणून मॅडमनी सांगितलं ते लागलं.
गाठ दुरूनच निरोप धाडते,
आणि ह्याच, ह्याच राखणदारणी
रक्तात पुड्या सोडू लागतात.
पानठेल्यावरच्या खर्र्याच्या पुडीसारख्याच, फक्त
डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या,
बाहेरून चिकट.
त्या बिंबाणूंना जाऊन बिलगतात,
बिंबाणू जागे होतात, हाताला हात लागतो,
आणि जखम कुठेच नसताना
शरीर विणायला बसतं.
त्याच जाळ्याखाली अंग चोरून मग
गाठीतली एखादी पेशी गाव बदलते.

"उंदरांत हे नीट दिसतं," मॅडम म्हणाल्या,
"माणसांत थोडं थोडं.
तुझ्या मामाचं असंच झालं
असं मी कागदावर लिहिणार नाही."

तेव्हापासून रोज रात्री आठला,
कूलरमध्ये पाणी भरून झालं की
मी मामाच्या बेंबीच्या बाजूला सुई टोचते.
त्यानं विणलेलं उसवत नाही,
पुढचं विणणं तेवढं अडतं.
पोटावर निळे डाग पडतात.
मामी ते मोजते. बोलत नाही.

एकदा त्यानं विचारलं, "गुठळी दिसते कशी वं?"
मी मोबाइलवर फोटो दाखवला,
मोठ्या सूक्ष्मदर्शकातला, कोणाच्या तरी रक्ताचा.
धागे, आणि धाग्यांत अडकलेल्या लाल तबकड्या.
त्यानं चष्मा लावला,
दोन बोटांनी फोटो ताणला,
लुगड्याचा पोत पाहावा तसा.
बराच वेळ.

"कच्च्या हाताचं काम हाये," तो म्हणाला.
"ताणा नाई, बाणा नाई, जिकडे तिकडे गुंता.
सूत मात्र बारीक. शंभर नंबराच्या वरचं.
अन् हे पाह्य, किनार कुठी हाये?"
मी म्हटलं, नसते.
"मंग कापडाले समजन कसं,
थांबाचं कुठी?"

फोन परत देऊन तो भिंतीकडे वळून झोपला.

मागावर साडेपाच हात करवतकाठी तशीच आहे,
काठाचे दात अर्धे.
सकाळी मामी तिच्यावरची धूळ झटकते
तोंडाला पदर लावून,
आणि मी खिडकी उघडून
उजेडात तरंगणारी कीस पाहत उभी राहते
थोडा वेळ,
श्वास धरून.